आईची पित्ताची कॅप्सूल का बदलली? (डॉक्टर, औषध कंपन्या आणि टेबलावरचं घड्याळ)

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. धागा रागात काढतोय, इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

आई ७१ वर्षांची. सांगलीत विश्रामबागेत राहतो आम्ही. बीपी, साखर आणि पित्त असा तिचा तीन पदरी संसार, आणि गेली सहा वर्षं ती एकाच डॉक्टरांकडे जाते. त्यांच्या हाताला गुण आहे, तपासायला घाई नाही, आईला 'काकू' म्हणतात. महिन्यातून एकदा तिला घेऊन जायचं काम माझ्याकडे.

या खेपेला चिठ्ठीवर पित्ताच्या कॅप्सूलचं नाव वेगळं दिसलं. त्रास नवा काहीच नव्हता, त्यामुळे वाटलं काहीतरी जास्त चांगलं दिलं असेल. कोपऱ्यावरच्या नेहमीच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हे आमच्याकडं नाही येत. तिथंच खाली मिळंल." परत मागे गेलो. दवाखान्याच्या खालच्या दुकानात मिळालं. घरी येऊन जुनी आणि नवी स्ट्रिप शेजारी-शेजारी ठेवली आणि चष्मा चढवला. जुनी : पँटोप्राझोल ४०, डॉम्पेरिडोन ३० एसआर. नवी : पँटोप्राझोल ४०, डॉम्पेरिडोन ३० एसआर. जुन्या दहा कॅप्सूल ११२ रुपयांना, नव्या १८९ला.

तेव्हा आठवलं की डॉक्टरांच्या टेबलावर या वेळी नवं घड्याळ होतं. पांढरं, गोल, काट्यांच्या मागे पोटाचं चित्र. आणि त्यावर याच कॅप्सूलचं नाव.

आता प्रश्न असा की सहा वर्षांचा विश्वास एका घड्याळात जातो का? की मीच उगाच दोन आणि दोन पाच करतोय? जाणकारांनी सांगावं. शिव्या नकोत, माहिती हवी.

गोळीबार | शनिवार, रात्री १०:३१

माहिती कसली डोंबलाची? सगळे सामील असतात. कोविडमध्ये तापाच्या एका गोळीसाठी १००० कोटींच्या भेटी वाटल्या होत्या, सुप्रीम कोर्टात सिद्ध झालंय. तुम्ही घड्याळाचं घेऊन बसलाय.

सव्वापाच_टक्के | शनिवार, रात्री १०:५०

गोळीबार, सिद्ध वगैरे काही झालेलं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये याचिकाकर्त्यांच्या वकिलांनी तो आकडा कोर्टात सांगितला. त्यावर न्यायमूर्ती चंद्रचूड म्हणाले की मला कोविड झाला तेव्हा मलाही हीच गोळी घ्यायला सांगितली होती, आणि त्या वाक्यामुळे बातमी देशभर गेली. कंपनीचं म्हणणं असं की कोविडच्या ऐन भरात त्या गोळीची विक्रीच ३५० कोटींच्या आसपास होती, तिच्यावर १००० कोटी कोण उधळेल? यात कोण खरं, ते बाजूला ठेवू. पण वकिलाचं बोलणं म्हणजे निकाल नव्हे.

(मी सीए आहे. कराच्या बाजूने यावर पुष्कळ लिहिता येईल. उद्या लिहितो, आज रिटर्नचं काम आहे.)

गोळीबार | शनिवार, रात्री १०:५४

बरं. पण धूर निघतो म्हणजे आग असतेच.

बॅगवाला | रविवार, सकाळी ७:४०

कृष्णाकाठ, मी २००१ ते २०१६ सांगली हेडक्वार्टरला एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो. आता तासगावला बेदाण्याच्या धंद्यात आहे, त्यामुळे कुणाची भीडभाड नाही. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

लोकांना वाटतं एमआर डॉक्टरकडे जातो, गोड बोलतो, पेन देतो आणि येतो. खरं काम दवाखान्यात सुरूच होत नाही, ते केमिस्टच्या काउंटरवर सुरू होतं. त्याला आम्ही आरसीपीए म्हणायचो. दुपारी दीड-दोनला गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा मेडिकलमध्ये जायचं, पोराला चहा सांगायचा आणि खिशातली छोटी डायरी काढायची. अमुक डॉक्टरांची चिठ्ठी दिवसाला किती येते, त्यात आपला माल किती, समोरच्या कंपनीचा किती. म्हणजे मी डॉक्टरांसमोर बसून "सर, सपोर्ट असू द्या" म्हणायचो तेव्हा त्यांनी गेल्या आठवड्यात काय लिहिलं ते मला पाठ असायचं. आणि मला पाठ आहे हे त्यांनाही ठाऊक असायचं. दोघंही तसं दाखवायचो नाही. त्या दोन मिनिटांच्या भेटीला आमच्यात 'कॉल' म्हणतात.

भेटवस्तूला 'गिफ्ट' म्हणायचं नाही, असा आमच्या एरिया मॅनेजरचा दंडक होता. 'इनपुट' म्हणायचं. एकदा इनपुट म्हटलं की पुढे आउटपुट विचारायला लाज वाटत नाही.

एक प्रसंग सांगतो. २००६-०७ची गोष्ट, जतच्या पुढचं गाव. भारनियमन बारा-बारा तास. तिथल्या डॉक्टरांनी कधी काही मागितलं नव्हतं. एक दिवस संध्याकाळी मी गेलो तेव्हा ते बॅटरी तोंडात धरून एका पोराच्या डोक्याला टाके घालत होते. बॅटरी म्हणजे आपली हातातली. दोन्ही हात कामात, म्हणून दातात धरलेली. टाके झाल्यावर हसत म्हणाले, "तुमच्या कंपनीला सांगा, एक इन्व्हर्टर द्या म्हणावं." ते चेष्टेत बोलले. मी ते डीसीआरमध्ये, म्हणजे रोजच्या भेटींच्या रिपोर्टमध्ये लिहिलं.

मॅनेजरने मंजूर केला. अट होती नसांच्या व्हिटॅमिनच्या महिन्याला ४० स्ट्रिप, वर्षभर. डॉक्टरांना मी अट सांगितली तेव्हा ते जरा गप्प झाले, पण इन्व्हर्टर टेम्पोतून उतरला होता.

आता जतकडची परिस्थिती माहीत असणाऱ्यांना पुढचं कळेल. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं. दवाखान्यात म्हातारी माणसं आणि पोरं उरतात. ४० स्ट्रिप कुठून खपणार? तरीही स्टॉकिस्टकडून, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडून, त्यांची खरेदी बरोबर ४०ची यायची. मी खूश होतो. उन्हाळ्यात एकदा त्यांनी मला आत बोलावलं आणि टेबलाखालचं कपाट उघडलं. आत आमच्याच स्ट्रिप, रबर लावून गठ्ठे केलेले. १३० मोजल्या मी. म्हणाले, "लोकांना गरज नाही तर कशाला लिहू? आणि घेतलेली वस्तू तर परत देववत नाही. म्हणून विकत घेऊन ठेवल्या."

स्वतःच्या खिशातून. म्हणजे इन्व्हर्टरचे निम्म्याहून जास्त पैसे त्यांनीच भरले होते.

त्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये मी लिहिलं, 'डॉक्टर समाधानी, प्रतिसाद चांगला.'

तुमच्या घड्याळाबद्दल : नुसत्या घड्याळावर कुणी ब्रँड बदलत नाही. घड्याळ फक्त नाव डोळ्यांसमोर राहावं म्हणून असतं. 'खालीच मिळंल' हे वाक्य जास्त महत्त्वाचं आहे. त्यावर दुकानवाल्यांनीच बोलावं.

रमा_गावभाग | रविवार, सकाळी ९:०५

बॅगवाले काका, ते कपाट डोळ्यांपुढून हलत नाही.

दवबिंदू | रविवार, सकाळी ९:२०

+१. यावर वेगळा धागा काढा.

स्टेथो | रविवार, सकाळी ११:३३

मी मिरजेत प्रॅक्टिस करतो. या धाग्यावर लिहू की नको असं दोन तास चाललं होतं. लिहितो.

आधी कृष्णाकाठ यांना : ब्रँड बदलायला दहा कारणं असतात. जुना माल मिळत नाही, एखाद्या बॅचची तक्रार येते, रुग्ण म्हणतो गुण येत नाही. न विचारता निष्कर्ष काढू नका. पण ११२ची १८९ होते आणि आतलं औषध तेच राहतं, तेव्हा डॉक्टरने कारण सांगायला हवं. तुम्ही विचारा. तो तुमचा हक्क आहे आणि चांगला डॉक्टर रागावणार नाही.

आता आमची बाजू. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी चालू ठेवायची तर पाच वर्षांत ३० क्रेडिट लागतात. म्हणजे व्याख्यानं, परिषदा. त्यांच्या हॉलचं भाडं, पाहुण्या वक्त्याचा प्रवास, दुपारचं जेवण कुठून येतं? बाहेर कंपन्यांचे स्टॉल लागतात तिथून. वर्गणी वाढवा म्हटलं की सभेत निम्मे लोक उठून जातात. मीही एकदा उठलोय. आम्हाला शिकायचंय, पण फुकट, हे आमचं दुखणं खरं आहे.

नियमाचं म्हणाल तर डॉक्टरांसाठी तो जुना आहे. आचारसंहिता २००२ची, आणि डिसेंबर २००९ मध्ये तिच्यात दुरुस्ती होऊन कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार, रोख घेण्यावर बंदी आली. २०१६ मध्ये शिक्षाही ठरली. १००० ते ५००० पर्यंतच्या वस्तूला समज, पुढे रकमेप्रमाणे तीन महिने, सहा महिने, वर्ष अशी नोंदणी स्थगित, आणि लाखाच्या वर गेलं तर वर्षाहून अधिक. पण हे सगळं घेणाऱ्याला. देणाऱ्यावर कौन्सिलचा अधिकारच चालत नाही. त्याच्यासाठी २०१५ पासून जी संहिता होती ती ऐच्छिक. पटलं तर पाळा.

आणि एक गंमत. २ ऑगस्ट २०२३ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांसाठी नवे नियम काढले. औषधाचं मूळ नाव लिहा, कंपन्यांच्या पैशांवरच्या परिषदांना जाऊ नका. २३ ऑगस्टला ते स्थगित. तीन आठवडे. आमच्याकडे टायफॉइडचा तापसुद्धा याहून जास्त टिकतो.

गोळीबार | रविवार, सकाळी ११:४१

डॉक्टर, एक सरळ प्रश्न. तुम्ही स्वतः काय काय घेतलंय?

स्टेथो | रविवार, दुपारी १:१५

जेवायला गेलो होतो, पळालो नव्हतो.

पेन, पॅड, कॅलेंडर, टॉर्च, सॅम्पल. दिवाळीला मिठाईचा बॉक्स. सुरुवातीच्या काळात एकदा गोव्याला दोन रात्री, परिषद म्हणून. पहिल्या दिवशी सकाळी दीड तास भाषण होतं, बाकी समुद्र. परत आल्यावर मी मनाशी म्हटलं होतं, मी काही त्यांचं औषध लिहिणार नाही. आणि खरंच मुद्दाम लिहिलं नाही. सहा-आठ महिन्यांनी आमच्या कंपाउंडरने सहज सांगितलं, "सर, आपलं त्या कंपनीचं बिल वाढलंय." मी कधी लिहायला लागलो ते मला आजही सांगता येणार नाही. पेन डॉक्टरला विकत घेतं का, असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगतो. विकलं गेल्याचं कळलं असतं तर मी सावध झालो असतो.

सॅम्पलबद्दल मात्र मला लाज नाही. अथणीकडून, विजापूरकडून रात्रीच्या गाडीने माणसं मिरजेला येतात. परतीच्या तिकिटाचे पैसे रुमालात गाठ मारून वेगळे ठेवलेले असतात. त्यांना सॅम्पलची पाच दिवसांची गोळी हातात देता आली तर मी देतो.

आयोवाकर | रविवार, दुपारी २:२०

मूळ गाव पलूस, सध्या अमेरिकेत. इथली रीत सांगतो.

इथे २०१० च्या आरोग्य कायद्यात सनशाइन अॅक्ट म्हणून कलमं आली. कंपनीने कुठल्या डॉक्टरला काय दिलं, जेवण असो की सल्ल्याची फी, सरकारला कळवायचं. ते ओपन पेमेंट्स नावाच्या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. मी माझ्या डॉक्टरचं नाव टाकून बघितलं. वर्षभरात बहुतेक सँडविच.

आणि सँडविचला हसू नका. २०१६ मध्ये जामा इंटर्नल मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. जवळजवळ २ लाख ८० हजार डॉक्टर, चार ब्रँडेड औषधं. ज्यांनी त्या औषधाच्या निमित्ताने एकच जेवण घेतलं होतं, बहुतेक २० डॉलरच्या आतलं, ते डॉक्टर जेवण न घेणाऱ्यांपेक्षा ते औषध जास्त लिहीत होते. जेवणं वाढली की प्रमाणही वाढत होतं. आता जेवणामुळे लिहिलं की जे आधीच लिहीत होते त्यांनाच जेवण मिळालं, हे त्यातून ठरत नाही, आणि अभ्यास करणाऱ्यांनीही तसा दावा केलेला नाही. पण स्टेथो यांचा कंपाउंडर आणि हा अभ्यास एकच गोष्ट सांगतायत असं वाटतं.

स्टेथो | रविवार, दुपारी २:२९

आमच्या कंपाउंडरला कळवतो. जामामध्ये नाव आलं नाही म्हणून नाराज होईल.

विट्याचा_औषधवाला | रविवार, दुपारी ४:००

काय आहे, मला कुणीतरी या धाग्याची लिंक पाठवली. दुकान आज बंद, तर लिहितो.

कृष्णाकाठ साहेब, तुमच्या कॅप्सूलचा खेळ बहुतेक असा असणार. 'असणार' म्हणतोय, मी बघितलेलं नाही. आता औषधाच्या धंद्यात पीसीडी नावाचा प्रकार आहे. कंपनीचं नाव कुणी ऐकलेलं नसतं, माल तिसऱ्याच कारखान्यात बनतो आणि एका गावात किंवा एकाच दवाखान्याला त्याची मक्तेदारी दिली जाते. एमआरपी छापील १८९, पण दुकानाला पडतो त्याच्या कितीतरी खाली. मधला पैसा कुणाकुणात जातो ते ज्याचं त्याला माहीत. म्हणून तो माल माझ्याकडे येत नाही. मी मागितला तरी मला देत नाहीत. तुम्हाला आमच्या भाईबंदाने 'तिथंच खाली' म्हणून सांगितलं ते बिचाऱ्याने खरंच सांगितलं.

किमतीचं पण समजून घ्या. ज्या औषधावर सरकारी कंट्रोल आहे त्याची वरची किंमत ठरलेली असते आणि दुकानदाराला १६ टक्के मार्जिन. कंट्रोलबाहेरच्यावर आम्हाला साधारण २० आणि स्टॉकिस्टला १०. कंट्रोलबाहेरच्या जोडगोळीला, म्हणजे दोन औषधं एकात, किमतीला बरीच मोकळीक मिळते. मग साध्या गोळीला कोण विचारतो? तुमच्या पँटोप्राझोलसोबत डॉम्पेरिडोन लागतंच का, ते डॉक्टर सांगतील, मी नाही.

अजून एक. दवाखान्यातल्या मेडिकलमधूनच औषध घ्यायची सक्ती नाही, तसा फलक लावा, असं राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं (एफडीए) २०२५ मध्ये सांगितलंय. आमच्याकडे एका ठिकाणी फलक लागलाय. फ्रिजच्या मागं.

आणि पेन, घड्याळ, बॅग यावर जे भांडतायत ते मागच्या जमान्यात आहेत. आता भेट द्यायला कुणी दवाखान्यात जात नाही. भेट एमआरपीतच असते.

गोळीबार | रविवार, दुपारी ४:०९

फ्रिजच्या मागं 😂 आपलं वाक्य मागे घेतो, सगळेच सामील नाहीत.

रमा_गावभाग | रविवार, संध्याकाळी ६:४५

मी डॉक्टरची मुलगी. बाबांचा दवाखाना गावभागात होता, आता बंद केलाय. आमच्या घरी पेन कधी विकत आणलं नाही. माझी दहावीची वही ज्या पट्टीने आखली तिच्यावर जंतनाशकाचं नाव होतं. भाऊ लहानपणी अँटिबायोटिकच्या नावाला अंगाईसारखी चाल लावून म्हणायचा. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, अगदी बाबांनासुद्धा. बाबा पत्ते खेळताना एक पैशाची चोरी करायचे नाहीत असे होते.

पण मला दुसरंच सांगायचंय. २०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं आणि आमच्या दवाखान्यात छातीएवढं शिरलं. पाणी उतरल्यावर आत गेलो तर तपासायचं टेबल उलटं होऊन दारात अडकलेलं, केसपेपर चिखलात, आणि कुजका वास. बाबा पायरीवर बसून राहिले. नातेवाईक स्वतःच्या घरांत अडकलेले. पहिलं कोण आलं सांगू? चार एमआर. रोज टाय घालून येणारी पोरं, त्या दिवशी हाफ पँटमध्ये, खराटे आणि बादल्या घेऊन. तीन दिवस त्यांनी चिखल काढला. एकाने तर बाबांचं जुनं बीपीचं मशीन घरी नेऊन धुऊन, वाळवून आणलं.

त्यांना कंपनीने पाठवलं नव्हतं. उलट त्या दिवसांत रिपोर्ट भरला नाही म्हणून एकाचा पगार कापला, हे नंतर कळलं.

पुढे बाबा त्या चौघांच्या कंपन्यांची औषधं जास्त लिहीत होते का? मला वाटतं, हो. आता ही भेट कुठल्या नियमात बसवायची?

बॅगवाला | रविवार, संध्याकाळी ७:१०

रमाताई, त्या चौघांपैकी एकाला मी ओळखतो बहुतेक. नाव घेत नाही.

एक लक्षात घ्या सगळ्यांनी. ज्या याचिकेत तो १००० कोटींचा आकडा आला, ती कुणी केली? एमआर लोकांच्याच देशपातळीवरच्या संघटनेने, फेडरेशनने. भेटवस्तू वाटणाऱ्या पोरांनीच कोर्टाला सांगितलं की हे बंद करा, कायद्याने बांधा. कारण इनपुट दिलं आणि आउटपुट आलं नाही तर बदली त्याची होते, ना डॉक्टरची, ना मॅनेजरची.

सव्वापाच_टक्के | रविवार, रात्री ९:३०

उद्या म्हणालो होतो, आलो. कराची बाजू थोडक्यात. (थोडक्यात जमत नाही मला, पण बघू.)

कंपनीने डॉक्टरांना वाटलेल्या वस्तू 'धंद्याचा खर्च' म्हणून दाखवायच्या, नफा तेवढा कमी, कर तेवढा कमी. म्हणजे त्या गोव्याच्या समुद्राचा काही भाग सरकारने, पर्यायाने आपणच भरला. १ ऑगस्ट २०१२ला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढलं : डॉक्टरला घ्यायला बंदी आहे, तर कंपनीला तो खर्च म्हणून मिळणार नाही. कंपन्या भांडल्या. त्यांचा युक्तिवाद असा की बंदी डॉक्टरवर आहे, आमच्यावर नाही, आम्ही कुठलाच नियम मोडलेला नाही. म्हणजे स्टेथो वर म्हणाले तीच फट. अनेक न्यायाधिकरणांनी तो मान्यही केला होता.

शेवटी २२ फेब्रुवारी २०२२ला एपेक्स लॅबोरेटरीजच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने, न्यायमूर्ती लळित आणि न्यायमूर्ती भट यांनी, ती फट बुजवली. घेणं बेकायदा असेल तर देणंही धुतल्या तांदळासारखं असू शकत नाही, असा त्याचा मथितार्थ. त्यात नाणी, फ्रिज, एलसीडी टीव्ही असल्या वस्तूंचा उल्लेख आहे, आणि अशा भेटींचा खर्च शेवटी औषधाच्या किमतीत येतो हेही कोर्टाने म्हटलंय. तुमचे ७७ रुपये, कृष्णाकाठ.

त्याच वर्षी १ जुलैपासून कलम १९४आर. एखाद्याला धंद्यातून वर्षाला २०,००० च्या वर वस्तुरूप लाभ दिला तर १० टक्के कर कापायचा. सॅम्पलसुद्धा त्यात धरायची असं मंडळाने स्पष्ट केलं, तेव्हा माझ्याकडे डॉक्टर मंडळींचे इतके फोन आले की एरवी त्यांच्याकडे अपॉइंटमेंट मिळत नाही.

आणि १२ मार्च २०२४ची कंपन्यांसाठीची नवी संहिता. आठवणीची वस्तू १००० रुपयांच्या आत, सॅम्पल तीन रुग्णांना पुरेल एवढीच आणि वर्षभरातली मिळून कंपनीच्या देशी विक्रीच्या २ टक्क्यांपर्यंत, व्याख्याता नसेल तर डॉक्टरला प्रवास-हॉटेल नाही. तक्रार ऐकणार कोण? कंपन्यांच्या संघटनेचीच समिती. तक्रार करायला शुल्क १००० रुपये, परत न मिळणारं. म्हणजे घड्याळ कमाल हजाराचं आणि त्याविरुद्ध बोलायलाही हजार.

त्याच २०२४ मध्ये एका बहुराष्ट्रीय कंपनीने ३० डॉक्टरांना मोनॅको आणि पॅरिसला नेल्याचं, खर्च १ कोटी ९१ लाख, सरकारी समितीने ठरवलं. कंपनीला काय झालं? समज दिली. आमच्या शाळेत वही विसरल्यावर याहून जास्त व्हायचं.

कृष्णाकाठ | पुढचा शनिवार, रात्री ९:१५

मंडळी, सगळ्यांचे आभार. आज आईला घेऊन गेलो होतो, वृत्तांत देतो.

दोन्ही स्ट्रिप खिशात ठेवल्या होत्या. तपासून झाल्यावर टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या आणि म्हटलं, "डॉक्टर, यात फरक काय आहे?" एवढंच. आवाज चढवला नाही. ते दोन्हींकडे बघत राहिले, मग चिठ्ठी ओढली, नव्या ब्रँडवर काट मारली आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पँटोप्राझोल ४०'. एकटंच. डॉम्पेरिडोन नाही. म्हणाले, "काकूंना आता दुसऱ्याची गरज नाही. कुठलंही चांगलं घ्या, कुठूनही घ्या." मी घड्याळाबद्दल काही बोललो नाही. ते म्हणजे घड्याळ, अजून तिथेच आहे आणि पाच मिनिटं मागे आहे.

कोपऱ्यावर दहा गोळ्या बऱ्याच स्वस्तात मिळाल्या. मेडिकलवाल्याने या वेळी माझ्याकडे वर बघितलं नाही, पण गोळ्यांबरोबर खोकल्याची दोन चॉकलेटं टाकली.

खरी गडबड घरी झाली. आई माझ्याशी बोलत नाहीये. म्हणते, "तू त्यांना काय म्हणालास? दरवेळी जाताना पाठीवर हात ठेवतात, आज ठेवला नाही." मी तिला ७७ रुपयांचा हिशेब सांगायला गेलो तर म्हणाली, "मी मागितले होते का तुझ्याकडे?"

स्टेथो | पुढचा शनिवार, रात्री ९:४०

पुढच्या वेळी ठेवतील. न ठेवले तर मिरजेला या, आम्ही ठेवू.

रमा_गावभाग | पुढचा शनिवार, रात्री ९:४४

काकूंचा राग गेला का?

कृष्णाकाठ | पुढचा शनिवार, रात्री १०:०२

निम्मा. निघताना तिने रिसेप्शनवरून एक कॅलेंडर मागून घेतलं होतं, ते आत्ता स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी लावून झालं. म्हणते, दुधाचे खाडे मांडायला याचे चौकोन मोठे आहेत.

बॅगवाला | पुढचा शनिवार, रात्री १०:०५

कुठल्या कंपनीचं?

कृष्णाकाठ | पुढचा शनिवार, रात्री १०:०६

त्याच कॅप्सूलचं.